लिफ्ट धरते का

जालन्याहून अंबडला जाताना उजव्या हाताला
कचरूशेठचं आवार. पत्र्याखाली आठ-दहा छोटे ट्रॅक्टर,
पुसून, तेल फासून, टायरांना काळं लावून
बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं बसवल्यासारखे.

दाजींना लाल आवडला.
वशिंडावर मारावी तशी त्यांनी बॉनेटवर थाप मारली,
मीटर वाचलं. "अठराशे तासच चाललाय."
मी म्हटलं, मीटर बदलता येतं, दाजी.
क्लचच्या पायडलाचं रबर बघा.
अठराशे तासांत कुणाचा तळवा
एवढं गुळगुळीत करील?

मला मोसंबीच्या दोन ओळींतून जायचंय.
बहार धरला की फांद्या भुईला टेकतात,
धुराडं वर असलं तर पानं करपतात.
मला बुटका पाहिजे. आणि बांधावर वळताना
मागचं औजार उचलून धरणारा पाहिजे.
गेल्या साली भाड्याच्या ट्रॅक्टरनं
ठिबकची नळी सतरा जागी फाडली.
सतराच. जोड मीच बसवले.

"शेठ, लिफ्ट धरते का?"
"धरते म्हंजे? ताई, सोडतच नाही."

रोटाव्हेटर उचलला. इंजिन बंद. चहा सांगितला.
पात्याखाली मी एक तुराटी रोवली,
टेकेल न टेकेल अशी.
चहा आला, संपला, दाजींनी तंबाखू मळून झाली.
तुराटी उभी.
शेठ हसले. दाजींनी माझ्याकडं पाहिलं: बोल आता.

मुनीर मिस्त्री काही बोलले नाहीत.
नुसतं सीटकडं पाहिलं, मग दुसरीकडं.
सीटखाली एक गोल मूठ असते,
एका अंगाला कासव, एका अंगाला ससा.
औजार किती सावकाश खाली यावं, ती ठरवते.
कासवाच्याही पुढं गच्च पिळली
तर ते येतच नाही खाली,
आतलं सील फाटून चिंध्या झालेलं असलं तरी.

हात घातला. गच्च.
दोन आटे सोडले.
तुराटी कडकन मोडली.
आवारातलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

कोपऱ्यात एक निळा होता,
उन्हानं राखाडी पडलेला, एका डोळ्यानं आंधळा.
त्याची मूठ आधी उघडली, मग दुसरी तुराटी.
दुसरा चहा होईस्तोवर दोन बोटं उतरला,
गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा,
धरून धरून.
"इत्ता चलता बाई," मिस्त्री म्हणाले, "रबर बदल देंगे."

उजव्या हाताशी दोन दांडे.
एक आपलं ऐकतो: ठेवला तिथं औजार राहतं.
दुसरा जमिनीचं ऐकतो: नांगर अडला की थोडा उचलतो,
मऊ लागलं की परत घुसू देतो.
"दुसरा काय करायचा?" दाजी.
आमची जमीन वर मुरूम, ओढ्याकडं काळी,
एका तासात तीनदा बदलते.
घड्याळाचा तास नव्हे, नांगराचा.

पहिल्या दांड्याच्या पट्टीवर एक खाच होती,
कानशीनं घासलेली. कुणाची तरी खोली.
पाच बोटं असावी. मान न वळवता, अंगठ्यानं चाचपून
तो रोज दांडा तिथं आणत असेल.
विचारलं, कुणाचा हा?
"घनसावंगीकडचा. आता चालवत नाही."
शेठ पुढं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

दाजी भावाला बसले, रुमालाखाली बोटं धरून.
मी सीटवर बसले.
अंगठा खाचेत बरोबर बसला.
मग दांडा थोडा वर घेतला, दीडेक बोट,
आणि तिथं नखानं रेघ ओढली.
मोसंबीची मुळं वरच असतात.